शिळा नैवेद्य

धापूच्या गव्हाच्या रानात त्या चैत्रात सगळ्यात मागं राहणारी बाई मालन होती, आणि सगळ्यात शेवटी रान सोडणारीही मालनच. मागं राहायची ती विळा चालवता येत नव्हता म्हणून नव्हे. कोरेगावकडच्या मुलीला विळा शिकवावा लागत नाही. पण इथल्या बायका उकिडव्या बसून, घागरा गुडघ्यांत दाबून, बदकासारख्या पुढं सरकत कापायच्या, आणि मालन काष्टा मारून कमरेत वाकून. दुपारपर्यंत कंबर म्हणायची, बाई, आता पुरे. मालन तिचं ऐकत नव्हती. पौषापासून ती कुणाचंच ऐकत नव्हती, तिथं कमरेचं काय.

"ए दक्खणी बीनणी," पलीकडच्या वाफ्यातून एखादी ओरडायची, "मरदों जैसी धोती बाँधके किस लड़ाई पे चली?"

"लड़ाई नहीं जी," मालन मान वर न करता म्हणायची, "इस धोती में बिच्छू नहीं घुसता. तुम्हारे घागरे में तो बिच्छू का पूरा खानदान रह जाएगा."

बायका खो खो हसायच्या. आणि मग हसता हसता एकेक गप्प व्हायची, जणू कुणी कोपरानं ढोसलं असावं. हिच्या घरात देवी येऊन गेल्यात, हे त्यांना आठवायचं. पाणी प्यायची वेळ आली की मडकं तिच्या हातात कुणी देत नसे. उभ्यानं वरून धार सोडत, आणि मालन ओंजळ धरून वाकून पीत असे. निम्मं पाणी कोपरावरून काष्ट्यात जायचं. ती म्हणायची, बरं झालं, तेवढाच गारवा. आता हे ती खरं म्हणायची की त्यांच्या तोंडावर मारायला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सन अठ्ठावन्न. खातीपुरा तेव्हा गावच होतं. रेल्वेचं ठेसन, चार विहिरी, गहू-बाजरीची रानं, आणि पलीकडं छावणी. मालनचा नवरा आनंदराव छावणीत घोड्यांच्या पलटणीत नालबंद होता. कुटुंबासाठी क्वार्टर मिळेना म्हणून धापूच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत बिऱ्हाड केलं होतं. धापू पन्नाशीची विधवा. तिच्या बापाला सातवी मुलगी झाली तेव्हा त्यानं नाव ठेवलं धापू, म्हणजे पोट भरलं, आता बास. हे ती स्वतःच सांगायची आणि वर म्हणायची, "भगवान ने सुना नहीं. आठवीं भी हुई."

मालनला दोन मुलं. थोरली रमा, सात वर्षांची. धाकटा बापू, चार वर्षांचा.

होता.

मार्गशीर्षात देवी टोचणारा भैया सायकलवरून आला होता. बापूच्या नाकाला धार लागलेली. मालन दारात आडवी उभी राहिली. "आज नहीं भैया, सर्दी है इसको. अगली बार." भैयानं वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला. पुढच्या वेळी तो आला तेव्हा बापू नव्हता.

पौषात आधी बापूला ताप भरला, तिसऱ्या दिवशी रमाला. मग फोड उठले. धापूनं दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगितलं, की फोडणी देऊ नकोस, केस विंचरू नकोस, माता घरात आली आहे. हे सगळं मालनला माहेरापासून ठाऊक होतं. देवी इथून तिथून एकच. पण इथल्या देवीचं ठिकाण वेगळं होतं.

"चाकसू की डूंगरी पे बैठी है शीतला माता," धापू म्हणाली. "चैत बदी आठम नै मेळो भरै. चूल्हा ठंडा, भोग ठंडा. बोल दे, बीनणी. टाबरां खातर बोल दे."

बीनणी म्हणजे सूनबाई, टाबर म्हणजे लेकरं, एवढं मालनला कळत होतं. तिनं दोन्ही अंथरुणांच्या मध्ये बसून पदर पसरला. दोघं उठू देत. चैत्र वद्य अष्टमीला येईन. मोटारीतून उतरल्यापासून अनवाणी येईन. चूल पेटवणार नाही. दोघांच्या नावाची दोन बोळकी आणीन. मग उठून गावाकडून आणलेलं पंचांग काढलं, चैत्र वद्य अष्टमी शोधली आणि तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

बापू अकराव्या दिवशी पहाटे गेला.

आनंदराव त्याला आपल्या खाकी कांबळ्यात गुंडाळून घेऊन गेला. सोबत धापूचा दीर कुदळ घेऊन. मालन भिंतीला पाठ लावून बसली होती. आणि तेवढ्यात, बाहेर अजून पावलांचा आवाज ऐकू येत असताना, रमा अंथरुणात उठून बसली. डोळे चिकटलेले, तोंड भाजलेल्या वांग्यासारखं. म्हणाली, "आये, भूक लागलीया."

मालन उठली. शिळी भाकरी दुधात कुस्करली. रमानं तोंड उघडलं, गिळलं आणि पुन्हा उघडलं. आणि मालनला आनंद झाला. एक भाकरी कुस्करायला लागतो तेवढा वेळ तिला निव्वळ आनंद झाला. मग तो आनंद झाला हे तिच्या ध्यानात आलं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आनंदराव परत आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती आणि रमा जेवत होती. त्यानं दारातून पाहिलं, हात न धुताच बाहेर जाऊन बसला. त्या दिवसापासून घरात बापूचं नाव निघालं नाही. त्याची वाटीएवढी काठाची ताटली फळीवर पालथी राहिली. मालन रोज फळी झाडायची आणि ताटलीभोवतीनं झाडायची.

रमाचा डावा डोळा गेला. उजव्यात जखम राहिली. होळी झाली आणि तो डोळा लाल होऊन पाझरायला लागला, तसं तिला छावणीच्या इस्पितळात बारा दिवस ठेवून घेतलं. मालन खाटेखाली निजायची. डॉक्टर वसंतराव म्हणून होते, नागपूरकडचे. इतक्या लांब मराठी ऐकून मालनला पहिल्या दिवशी उगाच रडू आलं आणि डॉक्टरांना वाटलं दुखणं वाढलं.

"मुलीला लहानपणी टोचलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. दोन म्हयन्यांची व्हती तवा."

"म्हणून वाचली."

"तुमचं लई उपकार झालं, डाक्टरसाहेब."

"माझे कसले? ज्यानं टोचलं त्याचे मान."

मालनला तो टोचणारा आठवला. रात्रभर पोर रडली म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं त्याला गावच्या पारावर गाठून 'मुडदा बशिवला तुझा' म्हणून झोडपला होता. चांगला मिशीवाला गृहस्थ, खाली मान घालून ऐकत होता. आता त्याचे उपकार मानायचे तर नावही माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी निघताना बजावलं, की तीन आठवडे पट्टी बांधून ठेवायची, रोज मलम लावायचं. त्यानंतर सावलीत पट्टी सोडायची, उन्हात पुन्हा बांधायची. दिसलं तर दिसलं. आधी काही सांगता येत नाही.

तेव्हापासून रमा पट्टी बांधून उंबऱ्यावर बसायची. खातीपुऱ्यातली पोरं तिच्यासमोरून पळत जाताना एकमेकांच्या कानात काही बोलायची. रमा मान कलवून पावलं ऐकायची आणि ती लांब गेली की भिंतीला टेकायची. पूर्वी ती विचारायची तसं आता काही विचारत नव्हती. मालनला वाटायचं, आंधळी पोर शहाणी होते म्हणतात ती ही अशी. आणि मग ती विळा उचलून रानात जायची, कारण रानात वाकलं की रडलेलं घामात खपतं.

कापणीचे दिवस संपत आले तसा कुंकवाचा ठिपका जवळ आला. चार दिवस राहिले तेव्हा मालननं विषय काढला. आनंदराव अंगणात बसून पाय धूत होता. त्याच्या कपड्यांना जळक्या खुराचा वास यायचा. तापलेला नाल खुरावर टेकवला की जो धूर उठतो, त्याचा. दोन्ही पोरं तो वास ओळखायची. धाकटा तर बापाचे तळहात नाकाला लावून बसायचा.

"अष्टमीला चाकसूला जायाचं हाय," मालन म्हणाली. "रमीला घिऊन."

"कशाला?"

"नवस हाय."

आनंदरावनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "दोन मागितलीस. एक दिलं, त्ये बी अर्धं. चार पायांच्या घोड्याला एका पायाला नाल ठोकून मी धाडला, तर दफेदार माझी कातडी लोंबवील. आन तू देवीला हात जोडाया चाललीस?"

"तिचं ठाणं येगळं, तुमचं येगळं."

"उन्हात पोरीचा डोळा जाईल."

"न्हाई गेलं तर जाईल, मग?" मालनचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तिनं एक न्हेलं. मी न्हाई गेले आन तिला वाटलं, हिला ह्ये बी नगं. मग?"

आनंदराव बराच वेळ पायाच्या टाचेवरची भेग अंगठ्यानं घासत राहिला.

"जा," तो म्हणाला. "अडवत न्हाई. पर माझ्या नावानं हात जोडू नगंस."

मालनला त्याला सांगायचं होतं, की मला तरी कुठं जोडायचेत. तिच्या पोटात होतं ते वेगळंच. उपकार मानायचे म्हणजे झालं ते बरं झालं म्हणायचं. एक राहिलं म्हणून हात जोडायचे, तर जे गेलं ते कसं जोडल्या हातांच्या मधून पाहणार? आणि न जोडावेत, तर जी उंबऱ्यावर बसली आहे ती काय कुणीच नव्हे? नवस बोलताना सोपा असतो. फेडताना त्याला शिंगं फुटतात.

सप्तमीला तिनं धापूच्या जात्यावर नवे गहू दळले. मजुरीत मिळालेल्या पेंढ्यांतले तिनं वेगळे ठेवले होते. पुऱ्या तळल्या, गुळाच्या घाऱ्या केल्या, भात करून दह्यात कालवला. बोळकी दोन घ्यायची की एक, याच्यावर ती मिसरी लावत उंबऱ्यावर बसून राहिली. बोलली होती दोन. उठलं होतं एक. शेवटी तिनं दोन्ही धुतली आणि दोन्ही भरली. मग चुलीतला विस्तव पाणी शिंपडून विझवला, चूल शेणानं सारवली आणि वर हळदकुंकवाची बोटं ओढली.

धापूनं गोठ्यातून विचारलं, "कठै चाली, बीनणी?"

"चाकसू. माता के दर्शन."

"हाँ हाँ, जा," धापू म्हणाली. "तू तो अस्पताल में थी. माता कहाँ जाती है, वहीं बैठी है."

अष्टमीच्या पहाटे मालन न्हाऊन बाहेर आली तर धापूची चूल भडकलेली. तवा चढलेला, पोळीचा खरपूस वास. मालन बघतच राहिली. मला ठंडा चूल्हा म्हणून सांगणारी ही, आणि हिची चूल अष्टमीला ढणढणतेय. हिचं मेलं सगळं तोंडापुरतं, असं मनात म्हणून तिनं रमाचा हात धरला. आनंदराव आधीच छावणीत गेला होता. नैवेद्याचं गाठोडं त्यानं दाराशी आणून ठेवलेलं दिसलं. गाठ मालननं मारली होती तशी नव्हती, जास्त घट्ट होती. तिला वाटलं, तिलाच आठवत नसेल.

शहरापर्यंत धापूच्या दिराच्या उंटगाडीतून, तिथून टोंक रस्त्याची मोटार. मालन ओल्या फडक्यानं रमाचं डोकं झाकून बसली. फडकं कोस-दोन कोसांत वाळायचं. ती तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून शिंपडायची. समोरच्या बाकावरच्या बाईनं रमाच्या तोंडाकडं पाहिलं आणि आपलं तान्हं दुसऱ्या मांडीवर घेतलं. तिचं चुकलं असं मालनला वाटलं नाही. मागल्या साली तिनंही तेच केलं असतं.

जत्रेच्या गर्दीत पोर हरवू नये म्हणून मालननं निघतानाच आपल्या पदराचं टोक रमाच्या मनगटाला बांधलं होतं. पण चाकसूला मोटारीतून उतरल्या त्या दोघीच. रस्त्याकडेला एक चहावाला, त्याच्यापाशी झोपलेलं कुत्रं. ना पाळणे, ना फुलवाल्या, ना बैलगाड्या.

"आये, जत्रा कुटं हाय? आवाज येत न्हाई."

"असंल वर. डोंगरावर."

मालननं वहाणा काढून काखेत मारल्या. चैत्राचं ऊन, दहा वाजून गेलेले. वाटेवरची वाळू तव्यासारखी. ती पावलं उचलून टाकत होती, जशी आनंदराव सांगायचा, नवा नाल बसवलेलं घोडं पहिल्या दिवशी टाकतं तशी. रमाच्या पायांतल्या वहाणा तिनं राहू दिल्या. तेवढं देवीनं समजून घ्यावं. टेकडीच्या दगडांवर पाय ठेवताना डाव्या टाचेखालचा फोड फुटला. तिला एक प्रकारचं समाधान झालं, की चला, काहीतरी दिल्यासारखं झालं.

वर देऊळ होतं. पायऱ्यांवर वाळून कोळ झालेल्या फुलांचे ढीग, फुटकी बोळकी, पालापाचोळा. कडुनिंबाच्या सावलीत एक गाढव उभं होतं आणि त्याच्या शेजारी एक म्हातारी कुंभारीण मडक्यांचे तुकडे गोळा करत होती. देवीची सेवा तिथं कुंभारांकडं असते.

"मेला किधर है?" मालननं विचारलं.

म्हातारीनं कपाळावर हात धरून तिच्याकडं पाहिलं. "कौनसो मेळो?"

"माता का. आज आठम है ना. चैत की आठम."

"बाई," म्हातारी म्हणाली, "यो तो बैसाख लाग गयो. मेळो तो होली के आठवें दिन हो लियो. महीना हुआ."

मालन हसली. म्हातारीला कमी ऐकू येत असावं. तिनं पिशवीतून पंचांग काढलं, कुंकवाचा ठिपका दाखवला. म्हातारीला वाचता येत नव्हतं. देवळाच्या ओसरीवर एक पोथीवाले बुवा पहुडले होते, ते उठून बसले. त्यांनी पंचांग पाहिलं, मालनच्या नेसण्याकडं पाहिलं.

"दक्खण की हो? तुम्हारे यहाँ महीना अमावस को पूरा होता है. हमारे यहाँ पूनम को. हमारा चैत तुमसे पंद्रह दिन पहले लग जाता है, इसलिए बदी आठम पहले आ जाती है. तुम्हारे पत्रे में वो दिन फागुन में था."

मालन पायरीवर बसली. पंचांग मांडीवर उघडंच राहिलं. वाऱ्यानं पानं उलटली, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. तिच्या टाचेतून रक्त येऊन दगडावर ओला डाग पडला होता आणि त्याच्याकडं मुंग्या निघाल्या होत्या. इतके दिवस ज्या दिवसाला भ्यायली, ज्याच्यासाठी नवऱ्याशी भांडली, तो दिवस येऊन गेलाही होता. देवी वाट बघून दमली असेल. की तिच्या ध्यानातही नसेल?

होळीनंतरचा आठवा दिवस. मालननं बोटं मोजली. ती तेव्हा इस्पितळात होती. आणि मग तिला आठवलं, त्याच दिवशी धापू छावणीच्या फाटकापर्यंत उन्हातान्हात चालत आली होती. मडक्यात ताकात शिजवलेल्या बाजरीची गार राबडी, कालच्या पुऱ्या. शिपायाशी भांडून आत आली. मालननं मनात म्हटलं होतं, ही कंजूष बाई, आजाऱ्याला शिळं आणते. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून तिनं ते सगळं खाल्लं होतं. धापूनं राबडीच्या मडक्याचा गारवा बोटांना लावून रमाच्या पापणीवर ठेवला होता, पट्टीवरूनच. काही बोलली नव्हती. मालनची चूल तर बारा दिवस थंडच होती.

म्हणजे अष्टमी झाली होती. तिच्या नकळत तिच्याकडून घडली होती. आणि तिनं धापूला 'बसा' सुद्धा म्हटलं नव्हतं.

"आये, परत जायाचं?" रमानं विचारलं.

"न्हाई," मालन म्हणाली. "आलोय तर दाखवू."

तिनं गाठोडं सोडलं. दोन बोळकी, पुऱ्या, घाऱ्या. आणि घाऱ्यांच्या फडक्यात, तिनं न ठेवलेलं काहीतरी टणक हाताला लागलं. अंगठ्याएवढा नाल. खिळ्याची सळई वाकवून केलेला, त्याला मोहरीएवढी भोकंसुद्धा पाडलेली. आनंदरावनं तो बापूसाठी केला होता, त्याच्या लाकडी घोड्याला. रोज बापू बापाला विचारायचा, बसवला का, आणि बाप म्हणायचा, घोडं उभं कुठं राहतंय. नाल पौषापासून आनंदरावच्या हत्याराच्या पिशवीत होता. हे मालनला माहीत नव्हतं.

"यो काँई?" कुंभारणीनं विचारलं.

"इसके बाप ने भेजा."

म्हातारीनं नाल घेतला आणि देवीच्या पायाशी सुकल्या फुलांत ठेवला. मग बोळक्यांकडं बोट केलं. "कित्ता टाबर?"

मालनच्या ओठांवर एक आलं. ते तिथंच थांबलं.

"दोन," ती म्हणाली. मग हिंदीत म्हणाली, "दो. एक ये है."

म्हातारीनं एक बोळकं उचलून आत ठेवलं. दुसरं मालनच्या हातात परत दिलं आणि मानेनं कडुनिंबाखालच्या गाढवाकडं खूण केली. मातेचं वाहन तेच.

सावली दाट होती. मालननं रमाच्या डोक्यावरचं फडकं काढलं, मग पट्टीची गाठ. गाठ सुटेना, दातांनी ओढावी लागली. मग मनगटाची गाठ सोडून त्याच पदराच्या टोकानं तिनं पापणीवरचं मलम पुसलं. रमा डोळा घट्ट मिटून उभी होती.

"उघड."

"नगं."

"उघड गं बाळा. सावली हाय."

रमानं डोळा किलकिला केला. पाणी आलं. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. मालन तिच्या तोंडाकडं बघत होती. रमा तिच्याकडं बघत नव्हती. ती तिच्या खांद्यामागं बघत होती.

"आये," ती म्हणाली, "त्याचं नाक पांढरं हाय."

गाढव पुढं आलं होतं. मालननं बोळक्यातला दहीभात पोरीच्या ओंजळीत ओतला. गाढवानं मऊ, केसाळ ओठांनी ओंजळ चाटायला सुरुवात केली, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटावरून. रमा आधी आकसली. मग तिला गुदगुल्या झाल्या, आणि ती हसली. देवी आल्यापासून पहिल्यांदा. त्या खड्ड्याखड्ड्यांच्या तोंडानं, खालचा ओठ दाताखाली धरून, पूर्वी हसायची तसंच.

"बापू असता तर वर बसला असता," रमा म्हणाली.

नाव निघालं. कडुनिंब हलला नाही, देऊळ हललं नाही.

"बसला असता," मालन म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आन मग उतरला नसता. आबाला यावं लागलं असतं, खाली घ्याया."

"आबाला बी चावला असता."

"चावलाच असता."

आणि मालनला कळलं, की तिचे हात जोडले गेले आहेत. कधी जोडले कोण जाणे. समोर देवी नव्हती, देऊळ पाठीमागं होतं. गाढव होतं, पोर होती, आणि जो नव्हता त्याचं नाव होतं. तोच तो आनंद पुन्हा झाला होता, भाकरी कुस्करताना झाला होता तो. यावेळी तिनं त्याला हाकललं नाही. ती तिथंच पायरीवर बसून, रक्ताळलेली टाच दुसऱ्या पायावर घेऊन, मोकळ्या गळ्यानं रडली. रमा गाढवाच्या कानाशी खेळत राहिली. आई रडते तेव्हा मध्ये बोलू नये, एवढं तिला आता कळत होतं.

खातीपुऱ्यात परत यायला दिवस मावळला. आनंदराव अंगणात उभा होता. त्यानं आधी पोरीच्या डोळ्याकडं पाहिलं. पट्टी नव्हती.

"आबा, तुमच्या सदऱ्याचं बटण तुटलंय," रमा म्हणाली.

आनंदरावनं खाली बटणाकडं पाहिलं आणि बराच वेळ तो बटणाकडंच पाहत राहिला.

"काय म्हनली देवी?" शेवटी त्यानं विचारलं.

"जत्रा म्हयन्यामागंच झाली. हितलं पंचांग येगळं, आपलं येगळं."

"मग निवद?"

"एक तिला ठिवला. एक गाढवानं खाल्ला." आणि थोडं थांबून ती म्हणाली, "त्यो नाल बी ठिवला."

मालन दोन घाऱ्या फडक्यात घेऊन आधी गोठ्याकडं गेली. धापू म्हशीची धार काढत होती. मालन तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"काकी, उस दिन अस्पताल में आप आई थीं. मैंने कुछ बोला नहीं."

"काँई बोलणो थो?" धापू म्हणाली. "मुंडो तो भर्यो थो थारो." आणि घारी तोंडात घालून, आता स्वतःचं तोंड भरून म्हणाली, "गुड़ कम है."

मालन खोलीत आली तेव्हा आनंदरावनं फळीवरची ताटली खाली काढली होती. पालथी होती ती सुलटी केली, सदऱ्याच्या टोकानं तीन महिन्यांची धूळ पुसली आणि ती आपल्या पुढ्यात ठेवली.

"ह्यात वाढ," तो म्हणाला.

वाटीएवढी ताटली. तिच्यात एक पुरी मावेना. मालननं पुरीचे चार तुकडे केले आणि उरलेला दहीभात बोटानं सारखा केला. तिघं जण भिंतीशी बसून जेवले. बाहेर गावात घराघरांतून धूर निघत होता, कुठं फोडणीचा, कुठं भाकरीचा वास. त्या संध्याकाळी सगळ्या खातीपुऱ्यात तेवढी एकच चूल थंड होती.